मधल्या खुर्चीतलं केरबाभावजी

...न्हाई गं पूजा, चाळण मागनं येतीया. आधी मानूस सांगू दे. वाचणाऱ्याला केरबा कोण ह्येच ठावं न्हाई, आन् मी चाळण घिऊन बसले. खोड त्ये. पयल्यापासनं लिव.

केरबा म्हंजे माझं धाकलं दीर, तुझं चुलत आजोबा. मी लगीन हून रहिमतपुराकडं ह्या घरात आले, तवा भावजी पाटी घिऊन शाळंला निघायचं आन् पाटी हिरीवर इसरून यायचं. आमच्याकडं घरटी एक गडी फौजंत. समदी पायदळात. भावजी तेवढं इमानाच्या फौजंत गेलं, आन् तितं त्येस्नी हेलिकाप्टर मिळालं.

मिळालं म्हंजे हाकायला न्हवं हां. हितंच लोकांची गल्लत हुती. रशियाचं मोठं हेलिकाप्टर असतंय, त्येच्यात म्होरं दोन पायलट बसत्यात, एक डावीकडं, एक उजवीकडं. आन् त्या दोगांच्या मदी, जरा मागं, एक बारकी दुमडायची खुर्ची असती. त्या खुर्चीवर आमचं भावजी. इंजिन चालू करायचं, बंद करायचं, त्याल बगायचं, काटं बगायचं, लाल दिवा लागला तर वरडायचं. फ्लाइट इंजिनियर म्हणत्यात त्येला. हाकायची काठी पायलटांच्या हातात. भावजींच्या हातात बटणं. समदी नोकरी त्या मधल्या खुर्चीत गेली, बर्फात बी आन् वाळवंटात बी.

आता ध्येन दिऊन लिव, कारण समदं घोडं हितंच आडतंय. सासूबाई, म्हंजे तुझी पणजी, लय भित्री. भावजी सुट्टीवर आलं की इचारायची, "केरबा, त्या दोगांस्नी वरती काय झालं तर रं?" भावजी भाकरी मोडत म्हणायचं, "आये, मी हाय की मदी. एवढी वर्सं बघतुया. म्या आणीन खाली." झालं. ह्यो सबूद आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या दिव्यागत हुता. भावजींची बायकू संयोगिता, माझी जाऊ, त्या सबदावर झोपायची. टीव्हीवर कुटं हेलिकाप्टर पडल्याची बातमी आली की समदी तिच्याकडं बघायची, आन् ती भांडी घासत म्हणायची, "ह्ये आणतील." एकदा न्हाई, कैकदा. मी सवता ऐकलंय.

तर भावजी निवृत्त हून आलं, ऊस लावला, आलं लावलं, हळद लावली. पोट सुटलं, चष्मा लागला. बरं चाललं हुतं.

मागल्या वर्साला ठेवणीतली हळद घिऊन आमी सांगलीला गेलो. भावजी, संयोगिता आन् मी. मला दातांच्या डाक्टराकडं बी जायचं हुतं. आमचं अडत्या म्हंजे जैनाचं घर, लय जुनं, हळद आन् बेदाणा दोनी करत्यात. त्येंचा पोरगा भरतेश, इंजिनियर झालाय, लगीन झालंय, पण येड गेलं न्हाई. माल उतरंस्तवर म्हणाला, "काका, तुम्ही हेलिकॉप्टरवर होता ना? या, एक गंमत दाखवतो."

गोदामाच्या एका अंगाला तीन मोठं टीव्ही अर्धगोल मांडलेलं. म्होरं दोन खुर्च्या, प्रत्येकीच्या म्होरं काठी, डाव्या हाताला एक दांडा, पायाखाली पायडल. आन् समदीकडं बटणंच बटणं. मला वाटलं गिरण काढतुया.

"हे तुमचंच हेलिकॉप्टर आहे काका, सिम्युलेटर," भरतेश म्हणाला. "कॉम्प्युटरवर. पायलट व्हायचंय अशी अकॅडमीतली पोरं येतात शिकायला."

भावजी हसलं. "खेळणं हाय हे बाळा. माझं हेलिकाप्टर एका एस्टीएवढं हुतं."

"बसून तर बघा. इंजिन चालू करून दाखवा."

भावजी बसलं. आन् पूजा, काय सांगू, त्येंचा चेहराच बदलला. बॅटरीचं बटण दाबलं. मागचं बारकं इंजिन आधी चालू करत्यात म्हणं, त्येच्या वाऱ्यावर मोठं इंजिन फिरतं. त्यो आवाज सुदीक आला. मंग एक इंजिन, मंग दुसरं. हात वर गेला न बघता, आन् बटण तितंच हुतं. भावजींनी परीक्षा बगायला मुद्दाम त्यालाचा पंप बंद केला. दिवा लागला. जरा वेळानं इंजिन खोकलं आन् मेलं.

"आयला," भावजी म्हणालं, "मरतंय बी बरूबर! आमचं आसंच मरायचं. आदी दिवा, मंग काटा, मंग आवाज."

"मग? खेळणं आहे का?"

"न्हाई रं गड्या. तंतोतंत हाय." डोळं पाणावलं हुतं त्येंचं. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

तितंच थांबायचं की न्हाई? पण संयोगिता मागं उभी, चहाचा कप हातात, लय कौतुकानं बघत हुती. ती म्हणाली, "आवं, आता उडवून आणा की खाली. तुमी म्हणत हुता त्ये दावा आक्कास्नी." आक्का म्हंजे मी.

भावजी त्या पायलटच्या खुर्चीत सरसावून बसलं. दांडा वर घेतला. हेलिकाप्टर उठलं. उठलं, गिरकी खाल्ली, एका अंगावर झुकलं आन् पंख जमिनीवर आपटून टीव्हीभर धूर झाला.

"पुन्यांदा," भावजी म्हणालं.

पुन्यांदा पडलं. भरतेशनं हवेतनंच चालू करून दिलं, नुसतं उतरवायचं. कुठल्या तरी परक्या मुलखातला डोंगर, झाडं बी आपली न्हाईत. खाली मोकळं रान. भावजी चांगलं येत येत आलं, आन् रानाजवळ आल्यावर दगडागत खाली बसलं. धूर. पुन्यांदा. धूर. घाम आला, चष्मा निसटाया लागला.

"तुझं यंत्र खोटं हाय," भावजी म्हणालं.

"काका, आत्ता तर तंतोतंत म्हणालात!"

"बटणं खरी हायती. चाल खोटी हाय. आमचं आसं माशीगत वळवळत न्हवतं. दोन सायब गप्पा मारत उतरवायचं."

"खऱ्या पायलटांना विचारून केलंय हे."

"मंग त्येंनी थापा मारल्या!"

म्या मागं बगितलं. संयोगिता कप ठिवून भाईर गेली हुती.

एस्टीत एक सबूद बोलली न्हाई. घरी आल्यावर बी न्हाई. भांडली असती तर बरं, भांडणाला आमच्यात औषद हाय. ती नुसती गप. ताट वाढायची, पाणी ठिवायची, आन् उठून जायची. चार दिसांनी माझ्याजवळ गोठ्यात बोलली. "आक्का, म्या त्या एका सबदावर नोकरीभर झोपले. पोरगी पोटात हुती तवा ह्ये बर्फात हुतं. म्या मनाला सांगायची, दोगांस्नी काय झालं तरी तिसरा हाय. आन् तिसऱ्याला काय बी येत न्हवतं."

"आगं, झालं त्ये झालं. मानूस धडधाकट घरी आलाय."

"आला. पण मला फशिवलं."

भावजींचं बी तसंच. जेवण जाईना. मला म्हणालं, "वैनी, म्या खोटं बोललो न्हाई वं. मला खरंच वाटायचं, येतंय. रोज बघत हुतो, डोळं झाकून सांगितलं असतं आता काठी कुटं जाणार. त्या पोराचं यंत्रच चुकीचं हाय. ह्येचा निकाल लावाया एकच मानूस हाय."

त्यो मानूस म्हंजे सयाजीसायब. इंग कमांडर हुतं, भावजी बरीच वर्सं त्येंच्या शेजारी मधल्या खुर्चीत बसलेलं. आता फलटणकडं डाळिंब लावल्यात. भावजींनी फोन केला. काय सांगितलं ठाव न्हाई, पण पुढच्याच आठवड्यात सायब आपली गाडी घिऊन आमच्या दारात. उंच मानूस, मिश्या पांढऱ्या, बोलणं लय शांत. मला म्हणालं, "वैनी, तुमच्या दिरानं मला आयुष्यभर चहा कमी आणि इशारे जास्त दिले." आमाला तिघास्नी गाडीत घालून सांगलीला. संयोगिता यायलाच तयार न्हवती. म्या म्हनलं, "निकाल लागंल तवा तू हजर पायजेस. मागनं कुणाकडनं ऐकून झोप लागणार न्हाई तुला." तवा आली. खिडकीकडं तोंड करून.

सायब खुर्चीत बसलं. भावजी मदल्या स्टुलावर. प्लास्टिकचं स्टूल ठिवलं हुतं भरतेशनं. इंजिनं भावजींनीच चालू केली, जुन्या सवयीनं. "सर, रेडी." सायबानी दांडा उचलला. जरा वळवळलं, पण सावरलं. डोंगराला येडा घातला, रानाजवळ आणलं, आन् धप्पकन आपटलं. धूर.

भावजी टुनकन उठलं. "बगितलं का रं भरतेश! सरांचं बी पडलं! मी म्हणत हुतो!"

"खाली बस केरबा," सायब म्हणालं. परत एकदा उडवलं. ह्या टायमाला उतरलं, पर वाकडंतिकडं. सायब काठी सोडून मिशीवर हात फिरवत बसलं. मला तर कोर्टात बसल्यागत झालं हुतं.

"मशीन खोटं नाही," सायब म्हणालं. "वजन ठेवलंय, वारा ठेवलाय. हळू आणि सरळ खाली आणलं की आपल्याच पंखांच्या वाऱ्यात बसतं, तेसुद्धा ठेवलंय. फार इमानानं केलंय पोरानं. पण केरबा, यात डोळ्याला सगळं मिळतं आणि बुडाला काहीच मिळत नाही."

संयोगितेनं पदर तोंडाला लावला. पयल्यांदा हसली असावी, मला नीट दिसलं न्हाई.

"खरं सांगतो," सायब म्हणालं. "खऱ्या हेलिकॉप्टरात खाली जायला लागलं की आधी खुर्ची सुटल्यासारखी वाटते. काटा नंतर हलतो. वेग कमी होत आला की सगळं अंग थरथरतं, तो थरथराट म्हणजे सांगावा, की बाबा आता दांडा उचल. इथे खुर्ची मुकी आहे. मला बोलणाऱ्या खुर्चीची सवय, म्हणून मी आपटलो."

म्या न राहवून बोलले, "म्हंजे खोंडागत. आपण खोंड शिकवताना आदी मागं ओंडका बांदून फिरवतो. ओंडका काय गाडी न्हवं, पर मानंवर वजन कळतं त्येला. ह्या पोरानं ओंडक्याबिगर खोंड जुपलाय."

"अगदी तसंच," सायब म्हणालं. "हवाई दलातली मोठी सिम्युलेटरं पायांवर हलतात, ती याचसाठी. आणि तरी खऱ्यासारखी नसतात."

"आपल्याकडं कुठून आणायचे तसले पाय?" भरतेश म्हणाला.

आता चाळण. लिव.

भावजींचं ध्येन गोदामाच्या कोपऱ्यात गेलं. तितं बेदाण्याची जुनी चाळण पडलेली. बेदाणा निवडायचा तर लोखंडी चौकटीत जाळ्या असत्यात, खाली मोटर, त्येनं चौकट थरथरती आन् बारका-मोठा बेदाणा येगळा हुतो. भावजी गेलं, मोटर चालू केली, चौकटीवर पालथा हात ठिवला आन् डोळं मिटून उभं राहिलं.

"सर, हात लावा हितं."

सायबानी हात लावला. दोगं म्हातारं डोळं मिटून चाळणीवर हात ठिवून उभं. गोदामातली हमाल मंडळी बघाया लागली. सायब म्हणालं, "जरा हळू पाहिजे. पण जात हीच."

मंग काय, भरतेश आन् हमालांनी चाळण टीव्हींम्होरं ओढली, जाळ्या काढल्या, वर फळी ठोकली, फळीवर दोनी खुर्च्या आन् स्टूल. सायब ऐटीत जाऊन बसलं. मोटर चालू केली. आन् पूजा, आमी हसून हसून मेलो! चाळणीचं कामच बेदाणा म्होरं सरकवायचं. सायब खुर्चीसकट हळूहळू म्होरं निघालं. एक हमाल वरडला, "सायब एक नंबरच्या मालात निघालं!" भरतेशचा बाप हातातला फोन टाकून पळत आला, त्येला वाटलं कोण मोटरीत सापडलं. संयोगिता पोट धरून हळदीच्या पोत्यावर बसली. राग इसरली हुती बिचारी, मंग आठवला तसं तोंड मिटलं.

चौकटीचा उतार काढला, खाली टायरचं तुकडं घातलं, खुर्च्या बोल्टानं आवळल्या. मोटरीला वेग कमी-जास्त करायचं गोल बटण लावलं, लांब वायरीचं. त्ये बटण घिऊन भावजी मदल्या स्टुलावर. काट्यावर वेग उतराया लागला की भावजी बटण पिळायचं, चाळण थरथरायची. थांबत आलं की कमी करायचं. सायबानी उडवलं, येडा घातला, खाली आणलं, थरथराट आला, सायबांचा डावा हात आपोआप वर गेला, आन् हेलिकाप्टर रानात बसलं. ताटात भाकरी ठिवावी तसं.

"हां," सायब म्हणालं. "आता ओळख पटली. केरबा, तू ये इकडे."

भावजी उठलं. "मंग बटण कोण पिळणार?"

भरतेश म्होरं झाला. तर संयोगिता पोत्यावरनं उठली, पदर खोचला आन् म्हणाली, "म्या बसते."

ती मदल्या स्टुलावर जाऊन बसली. सायबानी तिला दावलं, हा काटा हितवर आला की पिळायचं, त्यो थांबला की निम्मं. तिनं दोनदा इचारून घेतलं. मंग इकडं तिकडं बगितलं. डावीकडं सायब, उजवीकडं नवरा, म्होरं समदं डोंगर, आभाळ.

"आवं, हीच का तुमची जागा?"

"हीच."

"हितनं तर समदं दिसतंय की."

"दिसतंय," भावजी म्हणालं. "पर हाताला काय लागत न्हाई. त्ये मला आता कळलं, संयोगिते. मला वाटायचं बगितलं म्हंजे आलं."

संयोगितेनं त्येंच्याकडं बगितलं न्हाई. काट्याकडंच बघत म्हणाली, "उडवा आता. येळ नगं."

पयल्यांदा तिनं बटण लई पिळलं. समदी चाळण अशी हादरली की माझं नवं दात हातात आलं असतं. धूर. "राग बटणावर काढू नगंस," भावजी म्हणालं. "म्या काट्यावर बघून पिळलं," ती म्हणाली. सायब खिडकीतनं बघायचं निमित्त करून हसलं.

दुसऱ्यांदा भावजी सावकाश आलं. लांबनंच वेग उतरवत आलं. संयोगिता जीब दातात धरून काट्याकडं बघतीया. काटा उतरला. तिनं पिळलं, बेताचं. खुर्ची थरथरली आन् भावजींचा हात उठला. हेलिकाप्टर डुललं, इकडं गेलं, तिकडं गेलं, आन् धाडदिशी एका चाकावर बसलं, उडालं, परत बसलं. धूर आला न्हाई. पंख फिरत ऱ्हायलं.

भावजी सायबांकडं बघाया लागलं. त्या नजरंत समदी नोकरी हुती गं.

सायबानी टीव्हीवर वाकून चाक बगितलं. खोटं बोलणारा मानूस न्हवं त्यो. "मागची शेपटी मोडली असती," म्हणालं. "डावं चाक गेलं असतं. तुला चौकशीच्या बोर्डापुढं उभं केलं असतं. दोन-चार जणांना मुका मार." मंग मिशीवर हात फिरवला. "पण माणसं चालत बाहेर आली असती केरबा. सगळी. आणि खरं हेलिकॉप्टर यापेक्षा जास्त बोलतं. तू ऐकलं असतंस त्याचं."

संयोगितेनं बटण खाली ठिवलं, नीट, वायर गुंडाळून. मंग नवऱ्याकडं तोंड करून म्हणाली, "धड आणीन आसं तुमी कवा म्हणालाच न्हवता. आणीन म्हणाला हुता."

"व्हय," भावजी म्हणालं. एवढंच.

"मंग ठीक हाय. चला, भूक लागलीया."

झालं, निकाल लागला. भरतेशच्या घरी जेवलो, कांदा-लसणाबिगरचं, पर चव लय न्यारी. मला बी चाळणीवर बस म्हणत हुती पोरं. म्हनलं, म्या रहिमतपूरच्या एस्टीत बसत आलीया, माझं शिक्षण झालंय.

आता भावजी महिन्यातनं दोन-तीनदा सांगलीला जात्यात. अकॅडमीतली पोरं-पोरी उडवत्यात, भावजी मदल्या स्टुलावर बटण घिऊन. पोरांस्नी पयल्याच दिशी सांगत्यात, "बटणं खरी, वारा खरा, ही चाळण म्या दिलेली हाय. भ्या मातुर हितं मिळणार न्हाई, त्ये तितं गेल्यावर घ्या." रागावत्यात, घरी यिऊन गुळाची पोळी खात्यात, घोरत्यात. संयोगिता बी घोरती. दोगांचं ऐकून मलाच झोप येत न्हाई.

पर एक ऱ्हायलंच. येताना गाडीत संयोगिता खिडकी सोडून म्होरं वाकली आन् सायबांस्नी इचारलं, "सायब, तुमी घरी काय सांगायचा वं? मॅडमला?" सायब खोकलं. आरशात बगितलं, रस्त्याकडं बगितलं, आन् म्हणालं, "यंदा डाळिंबाला भाव बरा आहे." भावजी इतकं हसलं की खिडकीवर डोकं आपटलं.

सायबांच्या मॅडम सध्या लेकीकडं कोथरूडला असत्यात म्हणं. तवा ह्ये वाचणाऱ्यांत कोण तिकडचं असंल, आन् फलटणच्या सयाजीसायबांच्या मॅडमची वळख असंल, तर त्यास्नी एवढा निरोप द्या: रहिमतपूरची संयोगिता इचारतीया, तुमाला घरी काय सांगितलं हुतं? खरं-खोटं करायचं असंल तर सांगलीला या. सायबांस्नी घिऊन या, आन् बटण तुमच्या हातात दिऊ.